जागा खाली ठेवली आहे

आमच्या चंपाताईंना कुणी "तुम्ही गायिका का?" असं विचारलं की त्या चिडायच्या. "गायिका कुठली आलीय, मी आंगनवाडीची बाई. पोरांना झोपवता झोपवता गळा तयार झाला." आणि ते खरंच आहे. इंदूरच्या परदेशीपुऱ्यातली अर्धी पोरं लहानपणी त्यांच्या आवाजावर झोपलीत. आता तीच मोटारसायकली उडवत फिरतात मेली, पण चंपाताई रस्त्यात दिसल्या की ब्रेक लावून "जय भीम मावशी" म्हणतात.

मी शालिनी, त्यांची धाकटी जाऊ. त्या गातात आणि मी शेजारी बसून ढोलकी वाजवते, मागून सूर धरते. मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. घरात सगळे म्हणतात, शालिनीच्या जिभेला लगाम नाही. नसू दे. त्या दिवशी मी गप्प बसले असते तर काय झालं असतं, कोण जाणे.

चंपाताई महूच्या. वडील फौजेच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. फौजेतून आले, पेन्शन बेताची, मग लग्नाच्या बँडमध्ये लागले. छोटी चंपा त्यांच्यासोबत जायची, वाद्याची पेटी धरायला. एकदा इंदूरच्या कुठल्याशा बड्या घरी लग्न होतं. वाजवून झाल्यावर जेवणाची वेळ आली. पाहुणे वर ओसरीवर बसले आणि बँडवाल्यांना कुणीतरी सांगितलं, "तुम्ही खाली बसा." खाली म्हणजे पायऱ्यांच्या तळाशी, जिथे सगळ्यांचे जोडे काढून ठेवले होते तिथे. वडील मुकाट्याने बसले, जेवले. चंपाने पानाला हात लावला नाही. घरी आल्यावर आईने विचारलं, जेवलीस का, तर म्हणाली, भूकच नव्हती.

तेव्हापासून त्यांचा एक कायदा आहे. "सगळे खाली तर मी खाली. कुणी एकजण जरी वर बसला, तर मीपण वर."

हा कायदा त्यांनी आयुष्यभर पाळला. आपल्या वस्तीतल्या लग्नात, बारशात सतरंजीवर सगळ्या बायकांमध्ये मांडी घालून रात्र रात्र गातील, चहासुद्धा मागणार नाहीत. पण एकदा एका लग्नात नवऱ्यामुलाच्या आत्यांना सोफ्यावर बसवलं आणि आम्हाला समोर चटईवर. चंपाताईंनी मला डोळ्यांनी खूण केली, मी ढोलकी पिशवीत घातली आणि आम्ही निघालो. मुलीचा बाप मागे धावत आला, "अहो चंपाजी, क्या हो गया?" त्या म्हणाल्या, "काही नाही हो, सोफा लहान आहे तुमचा." शेवटी सोफा बाहेर काढला आणि आत्याबाई कुरकुरत चटईवर आल्या, तेव्हा कुठे गाणं सुरू झालं. आम्ही घरी येऊन हसून हसून लोळलो.

गाणी म्हणाल तर त्यांच्याकडे सगळ्या प्रकारची. आईकडून आलेल्या ओव्या, पाळणे, बाबासाहेबांवरच्या ओव्या, विहिणीला चिडवायची गाणी. लग्न होऊन परदेशीपुऱ्यात आल्या तेव्हा नळावर मालवी बायका भेटल्या, त्यांची गाणी यांनी उचलली, यांच्या ओव्या त्यांनी. एक ओळ मराठी, दुसरी मालवी, असं कडबोळं फक्त आमच्याकडेच ऐकायला मिळेल. दीर, म्हणजे ताईंचे मालक, कापडमिलमध्ये होते; मिल बंद पडली, ते घरी बसले, तेव्हा चंपाताई आंगनवाडीत लागल्या. पोरांना खिचडी वाढताना गायच्या, वजन करताना गायच्या. दीर गेल्यावर मात्र वर्षभर गायल्या नाहीत. मग एक दिवस शेजारच्या पोरीला बाळ झालं आणि पाळण्याला दुसरं कोणी मिळेना, तेव्हा परत तोंड उघडलं.

अशा बाईच्या गळ्यात, बरोबर गळ्यातच, गाठ यावी?

आधी वाटलं, सूज असेल. मग ती दिसायला लागली. सरकारी दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टर भला माणूस होता, समजावून सांगितलं त्याने. थायरॉइडची गाठ आहे, घाबरायचं कारण नाही, पण काढावी लागेल. ताईंनी हिंदीत विचारलं, "और आवाज?" डॉक्टर म्हणाला, आवाजाची नस तिथूनच जाते. आम्ही सांभाळतोच, पण वरचे सूर जाऊ शकतात. कधी कधी आवाज बसतो, महिनाभरात येतो. कधी कधी पूर्वीसारखा येत नाही.

मी पुढे विचारायला तोंड उघडलं. ताई मात्र "ठीक आहे" म्हणून उठल्या.  घराच्या दारात आल्यावर म्हणाल्या, "शालिनी, एकदा मला चारचौघांसमोर गायचंय. लग्नात नाही, बारशात नाही. लोक फक्त ऐकायला आलेत, असं. आवाज माझा आहे तोवर."

बस, एवढंच. त्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं होतं.

बेड मिळायला वेळ होता. ताईंचा मुलगा ज्ञानदीप दर दोन-तीन दिवसांनी वॉर्डात फोन करायचा आणि तिकडून एकच उत्तर यायचं, "बेड खाली नहीं है, खाली होगा तो बता देंगे." इतक्यांदा ऐकलं की ज्ञानदीप ऑफिसातून आला की मी नुसती भुवई उडवायची आणि तो म्हणायचा, "खाली नाही."

त्याच उन्हाळ्यात जुनी इंदूर भागात एक कार्यक्रम सुरू झाला. एका शाळेच्या मैदानात दर शनिवारी संध्याकाळी आपल्या भागातली जुनी गाणी. एका शनिवारी निर्गुणी भजनं, एका शनिवारी माच, म्हणजे माळव्यातलं गाण्याचं नाटक, एका शनिवारी गौतमपुऱ्याच्या बायकांची लग्नगीतं. तिकीट नाही, पाणी-सरबत फुकट. मोहल्ल्यातल्याच लोकांनी मिळून चालवलेलं. त्यांचा पुढारी म्हणजे अथर्व नावाचा एक तरुण मुलगा. मराठीच, कधीकाळी होळकरांच्या दरबारी असलेल्या कुठल्याशा घराण्यातला. दिसायला गोड, बोलण्यात इंदुरी भिया-भिया, म्हणजे भैया-भैया. आमच्याच गल्लीतल्या कुणीतरी त्याला चंपाताईंचं नाव सांगितलं. तो घरी आला, ताईंच्या दोन ओव्या ऐकल्या आणि खुर्चीतून उठून खाली फरशीवरच बसला. म्हणाला, "शेवटचा शनिवार तुमचा, चंपाजी."

ताईंनी त्या रात्री पोह्यात मीठ दोनदा घातलं. मी तसेच खाल्ले.

मग सुरू झाली काळजी. गाठीमुळे गाता गाता दम लागायचा. दुपारी दार लावून सराव करायच्या आणि वरच्या सुरावर आवाज फाटला की थांबून गळ्यावर हात ठेवायच्या. ज्ञानदीप चिडायचा, "आई, गळ्याला आराम द्यायला सांगितलाय ना?" त्या म्हणायच्या, "नंतर आरामच आराम आहे." त्या पोराचाही जीव टांगणीला लागला होता, मला दिसत होतं. एकीकडे बेड लवकर मिळावा असं वाटायचं, दुसरीकडे शनिवारच्या आधी मिळू नये असंही. कशासाठी हात जोडावेत तेच कळेना.

गौतमपुऱ्याच्या बायका आल्या त्या शनिवारी आम्ही बघायला गेलो. जागा कशी आहे, माइक कसा आहे, ते ताईंना पाहायचं होतं. बायका काय गात होत्या! पण मी ताईंकडे पाहिलं, तर त्यांचं लक्ष गाण्याकडे नव्हतं. त्या स्टेजकडे बघत होत्या. स्टेजवर एक हार्मोनियमवाला आणि एक तबलेवाला ऐटीत बसलेले, आणि गाणाऱ्या बायका सगळ्या समोर खाली सतरंजीवर.

"बायका खाली का गं?" ताईंनी विचारलं.

"जागा कमी असेल," मी म्हटलं.

 घरी येईपर्यंत मला समजलं होतं की हे ताईंच्या डोक्यात गेलंय.

आणि मग मंगळवारी अथर्वचा फोन आला. ताईंच्या हाताला पीठ होतं म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला. तो मोठ्या आदबीने, एकेक शब्द जुळवत बोलत होता. "नमस्कार चंपाजी. शनिवारचं सगळं फिक्स आहे. नऊ वाजता तुमचा नंबर, सगळ्यात शेवटी. आणि तुम्ही काही टेन्शन घेऊ नका. तुमची जागा मी खाली ठेवली आहे. एकदम पक्की." मग कुणीतरी त्याला हाक मारली आणि फोन बंद झाला.

ताईंचे हात परातीत तसेच राहिले.

मी म्हटलं, "थांबा, मी बघते त्या दीडशहाण्याकडे. लावते फोन."

"नाही."

"अहो, पण विचारायला काय जातं?"

"काय विचारणार? मला वर बसव म्हणून? जागा अशी मागायची असते का, शालिनी?" मग एकदम आवाज चढवून म्हणाल्या, "माझ्या बापाला पण असंच सांगितलं होतं. गोड बोलून. तुम्ही खाली बसा. कुणी शिवी दिली नव्हती."

मला रडूच आलं. रागाचं रडू. त्यांनी मला शप्पथ घातली, की त्या पोराला फोन करायचा नाही, भांडायचं नाही. शनिवारी तब्येतीचं कारण सांगायचं आणि जायचंच नाही, विषय संपला. ढोलकीवर चादर टाकली आणि पोळ्या लाटायला घेतल्या. एकही पोळी गोल झाली नाही.

ज्ञानदीपला सांगितलं, तर तो आधी म्हणाला, बरंच झालं, गळ्याला आराम. आणि मग जेवताना अर्ध्यात उठून गेला. त्याला गच्चीवर जाऊन बसलेलं मी पाहिलं. आईने एवढ्या आयुष्यात एक गोष्ट मागितली होती, हे त्यालाही ठाऊक होतं.

चार दिवस घर कसं होतं, ते मी सांगू शकत नाही. ताई गुणगुणायच्या नाहीत. भांडी घासताना, तांदूळ निवडताना, झाडू मारताना, कध्धीच नाही. मला वाटायचं, ऑपरेशन व्हायच्या आधीच आवाज गेला.

शनिवारी सकाळी ज्ञानदीपचा फोन वाजला. वॉर्डातून. "बेड खाली हुआ है. आज रात आठ बजे से पहले भर्ती हो जाओ, नहीं तो अगले को दे देंगे. सोमवार को ऑपरेशन है."

"चला," ताई म्हणाल्या. "सुटले."

सुटले! मी त्या शब्दावर अशी भडकले की काय सांगू. दणादण पिशवी भरायला घेतली. दोन गाऊन, टॉवेल, थर्मास, रिपोर्ट. आणि डोक्यात एकच चालू, की ही बाई आता आत जाणार, बाहेर येईल तेव्हा आवाज असेल-नसेल, आणि तो गोड बोलणारा पोरगा तिकडे स्टेजवर दिवे लावत असेल. दुपारी चार वाजता मी म्हटलं, मी जरा दुकानात जाऊन येते. रिक्षा केली आणि थेट जुनी इंदूर. शप्पथ मोडली, हो. फोन करायचा नाही म्हणाल्या होत्या, मी फोन केला नाही. समोर जाऊन उभी राहिले.

ऊन मी म्हणत होतं. मैदानात खुर्च्या लावणं चाललं होतं. अथर्व गळ्यात टॉवेल टाकून तारा ओढत होता.

"काय रे," मी म्हटलं, "तू चंपाताईंची जागा खाली ठेवलीस?"

"हो मावशी!" पोरगं खूश. "मी बोललो होतो ना. दोन मंडळी मागत होत्या ती जागा. एका काकांनी तर कोणा मोठ्या माणसाकडून फोन पण करवला. मी म्हटलं, काही पण होऊ दे, चंपाजींची जागा खालीच राहील."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तोंड वर करून सांगतोस? अरे, तिच्या बापाला जोड्यांशेजारी बसवून जेवायला घातलं तुमच्यासारख्यांनी. आमच्या कित्येक पिढ्या खालीच बसल्या. तेवढ्याने पोट भरलं नाही का तुमचं? आणि त्या दिवशी गौतमपुऱ्याच्या बायका पण खाली बसवल्यास!"

तो पांढराफटक पडला. "मावशी, त्या तर कूलरची हवा येते म्हणून आपणहूनच उतरल्या. मी किती वेळा वर बोलावलं. आणि चंपाजींना खाली कोण बसवतंय?"

"तूच! तूच म्हणालास, जागा खाली ठेवलीय!"

"हो, ठेवली आहे ना. या, दाखवतो."

तो मला हात धरून स्टेजच्या पायऱ्या चढवून वर घेऊन गेला. वर दोन्ही बाजूंना वाजवणाऱ्यांसाठी चटया घातल्या होत्या. आणि बरोब्बर मधोमध एक गादी, पांढरी स्वच्छ चादर, तक्क्या, आणि बसलेल्या माणसाच्या तोंडापाशी येईल इतक्या उंचीचा माइक.

"ही," तो म्हणाला. "सकाळपासून कोणाला टेकू दिलं नाही. बघा, खाली आहे की नाही?"

मी त्या गादीकडे बघितलं. मग त्याच्याकडे. डोक्यात काहीतरी फिरलं आणि ज्ञानदीपचा रोजचा आवाज आठवला. खाली नाही. बेड खाली नाही.

"खाली म्हणजे," मी म्हटलं, "रिकामी?"

"रिकामी म्हणजे?" त्याने विचारलं.

अगं आई गं! मी त्या गादीच्या कडेला मटकन बसले. त्याला रिकामी हा शब्दच येत नव्हता! हिंदीत बोलला असता, तर आम्हाला एका क्षणात कळलं असतं. दवाखान्यातल्या फोनवरचं कळत होतंच की. पण त्याने वाक्य मराठी केलं, म्हणून आम्ही शब्दही मराठी धरला.

"मेल्या, सरळ हिंदीत का नाही बोललास?"

"आजी म्हणाली, मोठ्या बाई आहेत, त्यांच्याशी मराठीत बोल. रिस्पेक्ट वाटतो." त्याचे डोळे भरले होते. मग मी त्याला सगळं सांगितलं. जोडे, ओसरी, मंगळवारचा फोन, दवाखाना. तो ऐकत राहिला आणि शेवटी फक्त "सॉरी मावशी" म्हणाला, तेही तीनदा.

मी घरी फोन लावला. ताईंनी उचलला. मी एका दमात ओरडले, "ताई, खाली म्हणजे रिकामी! हिंदीतलं खाली! जागा वर आहे, मधोमध आहे, गादी आहे, तक्क्या आहे, मी स्वतः बसलेय त्यावर!"

 मग ताई म्हणाल्या, "दवाखान्यात बेड खाली, तिथे जागा खाली. एका वेळी दोन ठिकाणी कशी जाऊ गं?"

रागात आणि आनंदात मी हे विसरलेच होते. आठच्या आत भर्ती, आणि ताईंचा नंबर नऊला.  अथर्वने माझ्या हातून फोन घेतला. "चंपाजी, आप छह बजे आ जाइए. सबसे पहले आप. हम सहा वाजताच सुरू करतो. प्लीज." गडबडीत त्याची भाषा पार बिघडली होती, पण या वेळी कळलं सगळ्यांना.

सहाला दहा मिनिटं असताना ज्ञानदीप आईला घेऊन आला. दवाखान्याची पिशवी हातात, रिपोर्टची फाइल काखेत, माझी ढोलकी खांद्याला. रिक्षावाल्याला त्याने गेटवरच थांबवून ठेवलं होतं. सारखा घड्याळात बघत होता. ऊन अजून उतरलं नव्हतं, लोक यायचे होते, निम्म्याहून जास्त खुर्च्या खाली होत्या. हिंदीतल्या खाली. मला भीती वाटली की ताई म्हणतील, हे काय, ऐकायला कोणी नाही. पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. पायऱ्यांपाशी त्यांनी चपला काढल्या, क्षणभर त्या चपलांकडे पाहिलं, आणि वर चढल्या.

गादीवर बसल्यावर पहिला आवाज निघेना. एकदा खाकरल्या, दोनदा. गळ्यावर हात ठेवला. मी ढोलकी धरून बसले होते. म्हटलं, गेलं सगळं. तेवढ्यात त्यांनी हलकेच सुरू केलं.

*महूच्या छावणीत बाप माझा वाजवितो,*
*लोकांच्या लेकीला सासरी पोचवितो.*

ही ओवी मी शंभरदा ऐकली असेल. पण दुसरी त्यांनी तिथेच बसून जुळवली, मला ठाऊक नव्हती, ढोलकीचा ठेका चुकला माझा.

*बाप माझा जेवला जोड्यांच्या शेजारी,*
*लेक गं त्याची आज बसली गादीवरी.*

"गादीवरी"वर आवाज वर न्यायचा होता. नेला आणि फाटला. सरळ फाटला, माइकमध्ये सगळ्यांना ऐकू आलं. ताई थांबल्या. ज्ञानदीप खालून उठून उभा राहिला. मी सूर धरायला गेले, तर माझाच सूर लागेना. आणि तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी तो सूर उचलला. आमच्या वस्तीतल्या बायका होत्या, ज्ञानदीपला ढोलकी नेताना बघून मागोमाग रिक्षा करून आलेल्या, आम्हाला न सांगता. मग पुढच्या दोघी-तिघी, मग सरबत वाटणारी पोरगी. शब्द येत नव्हते तरी सूर धरून होत्या. ताईंनी डोळे पुसले, हसल्या, आणि पुढची ओवी घेतली.

पाऊण तास गायल्या. पाळणा, विहिणीचं गाणं, एक ओळ मराठी एक मालवी, सगळं. टाळ्या संपायच्या आत ज्ञानदीपने त्यांना उतरवलं. पावणेआठला बेड मिळाला.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी निघाली, त्या दिवशी आम्ही वॉर्डात पेढे वाटले. पण आवाज? आवाज नव्हताच. नुसती हवा. डॉक्टर म्हणाला, थांबा. आम्ही थांबलो. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. ताईंना काही हवं असलं की ताटलीवर चमचा वाजवायच्या. रात्री मी कान देऊन पडायचे, झोपेत तरी काही म्हणतात का. अथर्व दर रविवारी यायचा, चहा पिऊन जायचा. एकदा मला दारात थांबवून म्हणाला, "मावशी, रिकामी आता माझ्या लक्षात आहे." मी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

मग एक सकाळ आली. मी भाजी चिरत होते, ताई ओट्याशी तांदूळ निवडत होत्या. आधी मला वाटलं, शेजारचा पंखा घरघरतोय. मग कळलं, त्या गुणगुणताहेत. आवाज खर्जातला, जाड, पुरुषी म्हणावा इतका. वरचे सूर कुठेच नव्हते. मी विळी ठेवली. त्यांच्याजवळ जाऊन बसले, पण विचारायची हिंमत होईना.

त्यांनीच माझ्याकडे पाहिलं. "शालिनी," त्या जाड आवाजात म्हणाल्या, "आवाज खाली आलाय गं."

माझा जीव वरखाली झाला. "कुठला खाली, ताई? मराठीतला का हिंदीतला?"

त्यांनी तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला. "मराठीतला," त्या म्हणाल्या. "खाली आलाय फक्त. खाली झाला नाही. ढोलकी काढ."